आषाढातली भेंडी, मार्गशीर्षातलं वांगं

कांदेनवमी झाली. घरातली शेवटची चार वांगी त्या दिवशी भरून केली, कांद्याची भजी झाली आणि दुसऱ्या दिवशी आत्यांनी भाजीची टोपली धुऊन पालथी घातली. आता वांगं या घरात येणार ते थेट चंपाषष्ठीला. तोवर भेंडी, दोडका, पडवळ, घेवडा आणि पावसाच्या रानभाज्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सासरी, सांगलीकडे, सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नाआधी मला हे ठाऊक नव्हतं. माझं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या शेजारचं. वरती सातपुडा, खाली तापी, मधे केळी, कपाशी आणि वांगी. त्या वांग्यांची गोष्ट पुढे येईलच, पण सध्या आषाढ आहे, तेव्हा आधी भेंडी.

काल रात्री जेवणं झाल्यावर आत्या पंखा लावून खाली बसल्या. समोर जुना, धुऊन मऊ झालेला पंचा पसरलेला. अर्धा किलो भेंडी मी चाळणीत धुऊन निथळून दिली होती. एकेक भेंडी हातात घ्यायची, देठापासून टोकापर्यंत पुसायची, मग उलट्या बाजूने पुन्हा एकदा, आणि पंच्यावर अशी ठेवायची की एकीला दुसरी लागणार नाही. आत्यांची बोटं आता संधिवाताने वाकडी झाली आहेत. पीठ मळणं त्यांनी सोडलं, विळी तर कधीच सुटली. भेंडी पुसणं मात्र त्यांनी कुणाला दिलेलं नाही. पुसता पुसता त्या वाटणीही करतात. टोक बोटाने दाबायचं. कट् करून मोडलं तर ती कोवळी, ती परतून करायच्या भाजीला. लवचीक असून मोडायला जरा वेळ लावला तर ती ताकातल्या भेंडीला. वाकली पण मोडलीच नाही तर ती जून, तिचे दाणे तेवढे काढून आमटीत टाकायचे. रात्रभर भेंडी पंख्याखाली सुकते आणि सकाळी चिरायला घेते तेव्हा हाताला कोरडी खरखरीत लागते.

ही शिस्त मला सासरी पहिल्याच महिन्यात मिळाली. १९९८ साली मे महिन्यात लग्न झालं. माहेरी भेंडी फारशी होत नसे, आणि झालीच तर आजी करायची. मी आपली भेंडी नळाखाली धुतली आणि तशीच ओली चिरायला घेतली. विळीच्या पात्यावर तारा सुटायला लागल्या. फोडणीत टाकली, वरून मीठ घातलं, लवकर शिजावी म्हणून झाकण ठेवलं, आणि खाली लागू नये म्हणून पाण्याचा हबका मारला. यातली एकेक गोष्ट भाजी बिघडवायला पुरेशी होती, मी चारही केल्या. झाकण काढलं तर कढईत हिरवा बुळबुळीत गोळा. मामांनी भाकरीबरोबर दोन घास खाल्ले आणि ताक मागितलं. आत्यांनी मात्र त्यांच्या वाटणीची सगळी भाजी खाल्ली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाणी भरत होते तेव्हा हाक आली, "ये गं, जरा बस माझ्याजवळ." बघते तर पंचा पसरलेला आणि शेतातली टोपलीभर भेंडी.

त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते आजवर एकदाही खोटं ठरलेलं नाही. भेंडीच्या पोटात चीक असतो आणि तो पाण्याची वाटच बघत असतो. पाणी मिळालं की फुगतो आणि तार धरतो. म्हणून धुवायची ती अख्खी, चिरल्यावर तिला थेंबही लागू द्यायचा नाही. सुरी, विळी, पाट, हात, सगळं कोरडं. कढई लोखंडाची आणि पसरट, म्हणजे काचऱ्या एकमेकींवर चढत नाहीत. तेल एरवीपेक्षा चमचाभर जास्त आणि चांगलं तापलेलं. अर्धा किलोला मी तीन पळ्या घेते. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, उभ्या चिरलेल्या मिरच्या, मग भेंडी. झाकण नाही. पहिली पाच मिनिटं आच मोठी. हलवायचं, पण सारखं नाही. उलथणं जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा काचऱ्यांच्या कडा तुटतात आणि आतला चीक बाहेर येतो. मधे एक वेळ अशी येते की उलथण्याला तारा लागायला लागतात आणि नवखा माणूस घाबरून पाणी घालतो. तिथेच थांबायचं. आच मध्यम करून आणखी पाच-सात मिनिटं द्यायची. तारा आपोआप बसतात, काचऱ्यांच्या कडा तांबूस होतात आणि वास बदलतो, कच्च्या गवताचा जाऊन भाजल्यासारखा येतो. तेव्हा तीन-चार आमसुलं. आंबटाने उरलासुरला चीकही तुटतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण मीठ आधी पडलं की ते भेंडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि आपण सकाळपासून केलेली सगळी राखण वाया जाते. वरून दाण्याचं कूट मूठभर, गॅस बंद.

पावसाची झड लागली की आत्यांना ताकातली भेंडी हवी असते. त्यासाठी जरा मोठी भेंडी, बोटाच्या पेराएवढे तुकडे, आधी तेलावर वेगळे परतून घ्यायचे. आंबट ताकाला बेसन लावून ते रवीने घुसळायचं. फोडणीत मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. ताक सतत ढवळत मंद आचेवर उकळू द्यायचं आणि परतलेली भेंडी शेवटी सोडायची. भेंडी आधी परतलेली असली की ती ताकात आपला आकार धरून राहते. सोबत गरम भात. माझा मुलगा लहानपणी भेंडीच्या भाजीला हात लावत नसे, त्याने भेंडी खायला सुरुवात केली ती या ताकामुळे.

पण चिकाला नुसती नावं ठेवून भागणार नाही. हेही मी सासरीच पाहिलं. पहिल्या हिवाळ्यात गावच्या गुऱ्हाळावर गेले होते. माहेरी ऊस आम्ही दातांनी सोलून खाण्यापुरताच बघितलेला. तिथे चुलवाणावर भली मोठी काहील आणि तिच्यात उसाचा रस उकळत होता. रस हिरवट-काळसर, गढूळ. गुळव्याने एका बादलीतून पाणी ओतलं, आणि ते पाणी नेहमीसारखं पडलं नाही, दोरीसारखं सलग खाली आलं. भेंडीची हिरवी झाडं ठेचून पाण्यात भिजत घातलेली, तिचा तो चीक. काही मिनिटांत रसावर सगळी मळी फेसासारखी गोळा झाली. ती झाऱ्याने ओढून काढली आणि खालचा रस बघता बघता निवळत गेला. शेजारी आत्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ, भाजीत नको नको म्हणतो तोच चीक इथं घाण ओढून घेतो." आता गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून बऱ्याच ठिकाणी हायड्रोस पावडर टाकतात. आम्ही अजून गावाकडून भेंडीवरचा, काळपट तांबडा गूळच आणतो. भरल्या वांग्यात तो जसा लागतो तसा पिवळा गूळ लागत नाही.

सासरी विहिरीजवळ पाचेक गुंठ्यांत भेंडी असायची. तिचा तोडा दिवसाआड, चुकवून चालत नाही. फूल गळल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते आणि दोन दिवस राहिली की निबर. पहाटे दव असताना तोडायला जायचं. झाडाला, पानाला, फळाला सगळीकडे बारीक कूस असते आणि ती अंगाला लागली की दिवसभर खाज थांबत नाही. बायका साडीवरून घरातल्या पुरुषांचे जुने फुल बाह्यांचे शर्ट घालायच्या आणि हातात पायमोजे. मीही दोन पावसाळे तोडा केला आहे. बाजारात भेंडीचा भाव ऐकला की मला अजून ती मनगटाजवळची आग आठवते आणि मी घासाघीस करत नाही.

एका वर्षी त्या पाच गुंठ्यांवर केवडा पडला. पानांच्या शिरा आधी पिवळ्या, मग अख्खं पान पिवळं, भेंड्या पांढुरक्या आणि वाकड्या. हा रोग पांढऱ्या माशीने पसरतो आणि एकदा आला की झाडाला औषध नाही, उपटून टाकायचं. मामांनी सगळी भेंडी उपटली. पुढच्या वर्षी त्यांनी 'परभणी क्रांती'चं बी आणलं. हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने याच रोगाला टिकून राहील असं काढलेलं. त्या वर्षी शेजारच्या वावरात पिवळं पडलं आणि आमचं हिरवं राहिलं. मामा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन ते बघायचे. मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

आता वांगं.

माझ्या माहेरचं वांगं म्हणजे भरताचं वांगं. हिरवट पांढरं, लांबट, वीतभर, एकेक पाव-अर्धा किलोचं, बी कमी आणि गर लोण्यासारखा. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावाने फोन करून सांगितलं होतं, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. तिकडे थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा. काड्या भसकन पेटतात, आच मोठी पण लाकडासारखी टिकाऊ नाही. म्हणून वांगं बाहेरून पूर्ण काळं होतं आणि आतून आपल्याच वाफेवर शिजतं, शिवाय गराला तो धुराचा वास लागतो. वांगी भाजली की झाकून ठेवायची. दहा मिनिटांनी साल सुटून येते. मग बडगीत घालून लाकडी मुसळीने ठेचायची. बडगी म्हणजे होडीच्या आकाराचं कोरलेलं लाकडी भांडं. आजीची बडगी चार हात लांब होती. दोन बायका दोन टोकांना बसायच्या.

खानदेशी भरतात टोमॅटो नाही, हळद नाही, लाल तिखट नाही. हिरव्या मिरच्या भाजून लसणाबरोबर ठेचायच्या. किलोभर वांग्याला दहा-बारा मिरच्या आणि एक अख्खा गड्डा लसूण. तेल सढळ. तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे पातळ काप तळून घ्यायचे, त्यातच कांद्याची पात बारीक चिरून, मग ठेचा, मग वांगं, वरून मूठमूठ कोथिंबीर. पात नुसती मऊ करायची, शिजवायची नाही. भरीत हिरवं दिसलं पाहिजे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, मीठ घालून. भरतावर कच्चं तेल घेतात, कच्चा कांदा आणि मुळा घेतात आणि जेवण झाल्यावर बाजेवर आडवं होतात.

पहिल्या दिवाळसणाला मी माहेरी गेले. परत निघताना आईने पहिल्या तोड्याची पाच किलो वांगी पिशवीत घातली. भुसावळला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की सांगलीला उतरायचं, गाडी बदलायची नाही. रात्रभर ती पिशवी मी सीटखाली न ठेवता मांडीजवळ ठेवली होती, दाब लागून वांग्याला डाग पडू नये म्हणून. घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत्यांना म्हटलं, आज मी करते.

आत्या म्हणाल्या, "चातुर्मास आहे गं. आपल्यात वांगं चंपाषष्ठीला देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत."

मला चातुर्मास माहीत होता. पण माहेरी हे इतकं कडक नव्हतं. आणि मला वाटलं होतं, कार्तिकी एकादशी आली की झालं. इथे कुलदैवत खंडोबा, म्हणजे एकादशीनंतरही मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत थांबायचं, आणखी पंचवीसेक दिवस. दुसऱ्या दिवशी आत्यांनी ती पाचही किलो वांगी गल्लीत वाटून टाकली, ज्यांच्याकडे चालत होती त्यांच्याकडे. वाया जाऊ दिली नाहीत, हे बरोबरच होतं. पण पिशवी रिकामी होताना मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आईच्या हातचं काहीतरी घरात आलं होतं आणि त्यातलं एकही वांगं चुलीपर्यंत गेलं नाही. हे मी त्या वेळी कुणाला बोलले नाही. आज सत्तावीस वर्षांनी आत्यांच्या समोर बसून लिहिते आहे, आणि हे वाक्य मी त्यांना वाचूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला दिसलं होतं की."

आणि त्यांना खरंच दिसलं होतं. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी त्यांनी मामांना सांगलीच्या मंडईत पाठवलं, हिरवी मोठी वांगी आणा म्हणून. तिकडे तेव्हा ती कुठली मिळायला. कृष्णाकाठची वांगी म्हणजे लहान, काटेरी, जांभळ्या-पांढऱ्या रेघांची, भरून करायची. मामा तीच घेऊन आले, त्यातल्या त्यात मोठी बघून. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यांनी चूल पेटवली आणि मला म्हणाल्या, "तुमच्यात करतात तसं कर. देवाला आज तेच दाखवू." लहान वांगी, एकेकीची साल काढता काढता बोटं भाजली. बडगी नव्हती, पाट्यावर ठेचलं. काट्यांची देठं, बी जास्त, गर थोडा. पण पात होती, लसूण होता, बाजरीचे रोडगे होते. तळी भरली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, आणि मग पानावर पहिलं भरीत आत्यांनी मला वाढलं. ती चव माहेरच्या भरताची नव्हती. मी दोनदा वाढून घेतलं.

तिथून आमचा व्यवहार सुरू झाला. पावसाळ्यात त्यांनी मला भेंडी शिकवायची, हिवाळ्यात मी भरीत करायचं, आणि भरली वांगी मात्र त्यांचीच. ती कशी करतात हेही लिहून ठेवते, कारण आत्यांचा हात आता ते करत नाही आणि माझी मुलगी नागपुरातल्या तिच्या खोलीवरून दर रविवारी फोन करून हेच विचारते.

वांगी घेताना हातात धरून बघायची. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बी कमी. देठ हिरवा आणि काटा टोचणारा हवा, म्हणजे ताजं. बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून यावा. बारीक भोक दिसलं तर बाजूला. अळीने आत घर केलेलं असतं, आणि ती अळी शेतकऱ्याला किती रडवते हे मी भावाकडे पाहिलं आहे. ती शेंडाही पोखरते आणि फळही. आधी शेंडे माना टाकतात, नंतर वांगी किडतात. देठ ठेवून खालून चार चिरा द्यायच्या, प्रत्येक वांगं उघडून आत बघायचं, आणि लगेच मिठाच्या पाण्यात सोडायचं, नाहीतर काळं पडतं.

सारणाला भाजलेले तीळ दोन चमचे, सुकं खोबरं अर्धी वाटी भाजून, दाण्याचं कूट अर्धी वाटी, एक कांदा तेलावर तांबूस करून, आणि सांगलीकडची कांदा-लसूण चटणी दोन चमचे. आमच्यात तिखटालाच चटणी म्हणतात, उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली. चिंचेचा कोळ, तो काळपट गूळ, मीठ. हे सगळं पाट्यावर जाडसर. मिक्सरमध्ये करायचं तर थांबत थांबत, गुळगुळीत झालं की चव जाते. अर्धा किलो वांग्यांत हे दाबून भरायचं, थोडं रश्शासाठी ठेवायचं.

आणि मग ताटावरचं पाणी. तेलात वांगी हलक्या हाताने परतायची. वांगं आधी सगळं तेल पिऊन घेतं आणि कढई कोरडी दिसायला लागते. इथे आणखी तेल ओतायचं नाही. वांग्याचं अंग स्पंजासारखं असतं, शिजून बसलं की तेच तेल परत बाहेर सोडतं. वर खोलगट ताट झाकायचं, ताटात पाणी घालायचं. वाफ ताटाला लागते, गार होऊन खाली पडते, आणि वांगी स्वतःच्या पाण्यात शिजतात. लागलंच तर ताटातलं गरम झालेलं पाणी आत घालायचं, गार कधीच नाही. देठाजवळ सुरी अलगद गेली की झालं. एकाच कढईत, एकाच हाताने, एकीला झाकण चालत नाही आणि दुसऱ्याचं झाकणाशिवाय चालत नाही. स्वयंपाक शिकवताना मुलीला मी मापं नंतर सांगितली, हे आधी सांगितलं.

२००६ मध्ये आम्ही चिंचवडला आलो. तिथे पहिल्या हिवाळ्यात मी गॅसवर वांगं भाजायला ठेवलं आणि आत आलेल्या फोनवर बोलत राहिले. टोचे मारायचे राहून गेले होते. वाफेला वाट नव्हती, वांगं फुटलं आणि कढत गर भिंतीवर उडाला. मुलगा तेव्हा लहान, ओट्यापाशीच घुटमळायचा, त्या क्षणी नेमका बाहेर होता. तेव्हापासून वांगं भाजायचं तर आधी चार जागी सुरीचं टोक खुपसते, तेलाचा हात लावते आणि तिथून हलत नाही. गॅसवर धूर मिळत नाही. म्हणून भरीत झालं की मधे वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तेलाचा थेंब टाकून झाकते. कपाशीच्या काडीचा वास तो नव्हे, पण जवळचा.

इथे खानदेशातली माणसं इतकी आहेत की आता भरताची वांगी भाजीवाल्याकडेच मिळतात, थंडीत तर तयार भरीतही रातराणीच्या बसने येतं. आत्यांना त्याचं आश्चर्य वाटतं. पण त्यांनी चंपाषष्ठीचा नियम इथेही मोडू दिलेला नाही आणि मीही मोडत नाही. दिवाळीनंतर आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून भरताचा वास यायला लागतो, तेव्हा मी खिडकी उघडी ठेवते आणि दिवस मोजते. जवळजवळ पाच महिने न खाल्लेल्या वांग्याचा पहिला घास बारा महिने खाणाऱ्याला कसा लागतो ते मला माहीत नाही, मला कसा लागतो ते माहीत आहे.

गेल्या महिन्यात गॅलरीत तीन कुंड्यांत भेंडी लावली. बी आत्यांच्या डब्यातलं. सकाळी सातच्या सुमारास पहिलं फूल उमललं. फिकट पिवळं, पाच पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि घशात गडद, जवळजवळ काळा जांभळा डाग. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले. हे फूल मी लहानपणापासून बघत आले आहे, फक्त भेंडीवर नाही, कपाशीवर. कपाशीचं जरा वेगळं, रंगाने फिकं, पण घडण तीच, पाकळ्यांचा तो पीळ तोच. भेंडी, कपाशी, अंबाडी, जास्वंद, सगळ्या एका कुळातल्या. म्हणजे आमच्याकडे वांगं ज्या काडीवर भाजतात ती भेंडीच्याच बहिणीची. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "काय लावून राह्यली कुंडीत, कपाशी?" भेंडी आहे म्हटल्यावर हसली. म्हणाली, इकडे भरताच्या वांग्याचं रोप टाकून झालं, पाऊस बरा आहे, लावणी होईल. दुपारपर्यंत ते फूल मिटलं होतं.

आज त्या झाडावर चार भेंड्या आहेत. तीन सकाळी तोडल्या. चौथीला हात घातला तर आत्या खुर्चीतून म्हणाल्या, "ती राहू दे." त्यांनी तिच्या देठाला माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधून ठेवला होता. वाकड्या बोटांनी ती गाठ कशी मारली कोण जाणे.

"बियाला आहे ती," म्हणाल्या.